लातूरला कधी ट्राम होती का? (आजोबांच्या वहीतलं कोडं)

मांजराकाठ
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. आत आजोबांची (आम्ही अण्णा म्हणायचो) हिशेबाची वही निघाली. निम्मी मोडीत, निम्मी बाळबोध. अण्णा लातूरच्या आडत बाजारात दिवाणजी होते, त्यामुळे सुपारीच्या खांडाचासुद्धा हिशेब आहे.

एका पानावर लिहिलंय, 'ट्रामनं बार्शी. नाक्यावर खोळंबा. हाली देऊन कलदार घेतले.' त्यापुढच्या पंधरा-वीस पानांवर रविवार सोडून रोज एकच ओळ आहे, 'टी. टी. ते पा. धु., ट्राम'. पुढे आण्याच्या आडव्या रेघा, त्या मला वाचता येत नाहीत.

मला लागलेला अर्थ असा: टी. टी. म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन. पा. धु. म्हणजे पाय धुणे, कुणा महाराजांचे पाय धुऊन दिलेली दक्षिणा असावी. पण मध्ये ट्राम कुठून आली? बाबा म्हणतात, अण्णा बार्शीच्या पुढे जन्मात गेले नाहीत. मग लातूरला ट्राम होती का? नसेल तर मराठवाड्यात दुसरीकडे कुठे?

चहाबाज
रोज धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन रोज महाराजांचे पाय धुणारा दिवाणजी! मालक, दंडवत घ्या.

बीडवासी
आमच्या बीडला रेल्वे बघायला २०२५ साल उजाडावं लागलं, आणि लातूरकर ट्राम शोधायलेत. चालू द्या.

कुर्डुवाडी_जंक्शन
लातूरला ट्राम नव्हती. वहीतली ती बार्शीची 'ट्राम' म्हणजे आपली बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. १८९७ला बार्शी रोड (म्हणजे आमची कुर्डुवाडी) ते बार्शी एवढाच तुकडा सुरू झाला. १९०६ला पंढरपूर जोडलं, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. एव्हरार्ड कालथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरचं हे डोकं. कुठल्याही चाकांच्या जोडीवर पाच टनांच्या वर भार येणार नाही असा त्याचा हिशेब होता, म्हणून हलके रूळ पुरले. आमचे वडील लोको वर्कशॉपात होते, त्यामुळे हे सगळं घरात पाठ.

ट्राम आणि छोटी रेल्वे यांतली रेघ तेव्हा पुसटच होती. दार्जिलिंगच्या गाडीची कंपनी आधी 'स्टीम ट्रामवे' नावानेच निघाली होती, नाव बदललं १८८१ साली. कोचीन संस्थानात जंगलातलं लाकूड ओढणारी लाइन होती, तीही ट्रामवेच. तेव्हा तुमच्या अण्णांनी छोट्या गाडीला ट्राम म्हटलं तर काही गुन्हा नाही.

अवांतर: या कालथ्रॉपला घोड्यांचा भारी नाद, अरबी घोडे पाळायचा. पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूटही त्याने बनवलं.

गोदातीर
नाक्यावरचा खोळंबा म्हणजे करोडगिरी नाका. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर निजामाच्या. जकात, झडती, वर नाणंही वेगळं. इकडे निजामाचा हाली सिक्का, तिकडे कलदार. माझी आजी नांदेडहून पंढरीला जाताना कनवटीला दोन पुरचुंड्या बांधायची, एक हालीची, एक कलदारची. दोन्ही एकात मिसळल्या की आजोबांवर ओरडायची.

शिवडीची_सून
अहो मांजराकाठ, कुठलं इंजेक्शन आणि कुठले महाराज! माहेर परभणी आणि सासर शिवडी, म्हणून सांगते. टी. टी. म्हणजे दादर टी. टी. ट्राम टर्मिनस. पा. धु. म्हणजे पायधुणी. तुमचे आजोबा रोज दादरहून पायधुणीला कामाला जात होते. आजही टॅक्सीवाल्याला 'टी. टी.ला सोड' म्हटलं की तो खोदादाद सर्कलला आणून सोडतो. त्या अक्षरांचा अर्थ त्यालाही माहीत नसतो, पण गाडी बरोबर थांबते.

चहाबाज
हा हा हा! मालक, आता बाबांना बसवून विचारा.

मांजराकाठ
शिवडीची_सून ताई, मी दहा मिनिटं नुसता बसून होतो. बाबांना फोन केला तर म्हणाले, "शक्य नाही, कुणाची तरी वही असेल." पण अक्षर अण्णांचंच आहे. ट्राम नेमकी कुठून कुठे जायची हे कुणी सविस्तर सांगेल का?

जुनेपुराणे
सांगतो, जरा ऐसपैस.

मुंबईत ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली. सुरुवातीला दोनच रस्ते: कुलाबा ते पायधुणी, क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि बोरीबंदर ते पायधुणी. दोन्ही रस्ते पायधुणीलाच येऊन मिळत, कारण तेव्हाचं गजबजलेलं शहर तेच. भाडं तीन आणे, तिकीट नावाचा कागदच नाही. भाडं पुढे उतरलं. कंपनीच्या तबेल्यात नऊशेच्या आसपास घोडी. उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यावर टोप्या घालत.

१९०५ साली हा कारभार वीज पुरवणाऱ्या नव्या कंपनीकडे गेला, तीच बेस्ट. ७ मे १९०७ला विजेची ट्राम धावली. गिरण्या परळ-लालबागकडे सरकलेल्याच होत्या, त्यांच्या मागे रूळही भायखळ्यावरून उत्तरेला दादरपर्यंत गेले. गिरगाव, ग्रँट रोड, माझगाव, गवालिया टँक, सगळीकडे फाटे. गर्दी आवरेना म्हणून १९२०ला दुमजली ट्राम आली. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट बस सुरू झाली आणि तिथून ट्रामची उलटी गणती लागली, असं माझं मत.

३१ मार्च १९६४ला रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. म्हणजे जो दादर-पायधुणी पट्टा तुमच्या आजोबांचा, त्याच रस्त्याने ट्रामने मुंबईचा निरोप घेतला.

नाशिकचा_चिवडा
नाशिकला विसरू नका! मुंबईनंतर पंधरा वर्षांनी, १८८९ला, नाशिक शहर ते नाशिक रोड स्टेशन अशी ट्राम होती. आधी घोडी ओढायची. कारण साधं: स्टेशन आठ-नऊ किलोमीटर लांब आणि यात्रेकरूंची झुंबड.

मीटरगेज
मग हाच हिशेब औरंगाबादला का लागू पडला नाही? मनमाड-सिकंदराबाद लाइन १९०० सालाच्या आसपास आली, स्टेशन गावाबाहेर दक्षिणेला. वेरूळ आहे, खुलताबादचा उरूस आहे, माणसं तर उतरत होतीच. निजामाकडे पैशांची कमी होती असं तर कुणी म्हणणार नाही.

बीबी_का_पडोसी
@मीटरगेज, वेरूळला जाणारा शहरात थांबतच नव्हता, तो स्टेशनवरून टांगा-मोटार करून सरळ दौलताबादच्या रस्त्याला लागायचा. शहरात फिरणारी गर्दी हवी ना. १९०१ला मुंबईत पावणेआठ लाख माणसं होती, आमचं शहर लाखाच्या खूप खाली. शहागंजातून गुलमंडीला पायी जाणारा माणूस ट्रामला भाडं देईल? अजून देत नाही, मियाँ.

दुसरं म्हणजे दरवाजे. पैठण गेट, भडकल गेट, मकाई गेट. कमानीतून एक वेळ हत्ती जाईल, पण रूळ टाकले की टांगेवाले, हातगाडीवाले, म्हशी यांनी कुठून जायचं? मकाई गेटला आजही समोरून रिक्षा आली की आपण थांबतो.

मीटरगेज
दरवाजांचं कारण पटत नाही. गेटच्या बाजूने रस्ता काढता येतो, पुढे काढलेच की. मला वाटतं निजाम सरकार थेट बसकडे वळलं. जून १९३२ला निजाम स्टेट रेल्वेने आपलं रस्ता वाहतूक खातं सुरू केलं, २७ बस आणि १६६ माणसं. रेल्वे आणि बस एकाच घरातल्या. ज्या काळात छोट्या शहराने ट्रामचा विचार करावा, त्या काळात बसच हाताशी आली. बसला रूळ लागत नाहीत, तारा लागत नाहीत, मार्ग चुकला तर उद्या बदलता येतो. कानपूरची ट्रामसुद्धा १९३३ला बंद पडली, कानपूर काय लहान गाव होतं?

तीच आपली लाल गाडीची मूळ शाखा. 'स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा' असं वेगळं खातं होतं, ते १९६१ला महामंडळात विलीन झालं.

बीबी_का_पडोसी
बसचा मुद्दा मान्य. गेटचा मुद्दा मी सोडणार नाही.

लातुरी_बाज
लई भारी धागा काढलाव बघा. पण ते "मार्ग उद्या बदलता येतो" वाचून आमचं दुखणं वर आलं. एका शहरात (नाव नको) नोकरीला होतो. सिटी बसवाल्यांनी एक दिवस आमच्या स्टॉपवरून गाडी काढून घेतली. पाटी नाही, सूचना नाही. दीड महिना मी रोज सकाळी तिथं उभा. बाजूचा पानवाला रोज बघायचा, एक दिवस म्हणाला, "साहेब, गाडी मागच्या गल्लीतून जायली, तुम्ही इथं काय करायलाव?" म्हणलं, दीड महिना तू काय करायलास? तर म्हणतो, "तुम्ही पान घ्यायला थांबता वाटलं."

ट्राम असती तर निदान रूळ उखडताना दिसले असते.

चहाबाज
पानवाला हा खरा वाहतूक नियंत्रक.

गोदातीर
लातुरी_बाज यांनी हसत हसत मुद्द्याचं सांगितलं. ट्रामचा मार्ग बदलणं म्हणजे रस्ता खणणं. एवढा खर्च केला की शहर निमूटपणे त्या रुळाभोवती वाढतं, दुकानं तिथे, चाळी तिथे, खानावळी तिथे. बसबद्दल तसा भरवसा कुणाला नसतो.

कलकत्त्याचं उदाहरण बघा. २४ फेब्रुवारी १८७३ला सियालदा ते आर्मेनियन घाट घोड्यांची ट्राम सुरू केली, नोव्हेंबरमध्ये बंद. माणसं मिळेनात. १८८०ला नव्या कंपनीने पुन्हा रूळ टाकले, तेही मीटर गेज. १९०२ला वीज आली तेव्हा गेज बदललं. १९४३च्या हावडा पुलावरून ट्राम जायची. सत्तरीच्या सुरुवातीला हावड्याकडचे मार्ग गेले, आणि २०२४ला सरकारने सांगितलं की एस्प्लेनेड ते मैदान एवढाच तुकडा हौसेचा म्हणून ठेवू. दीडशे वर्षांत जाळं पसरलं आणि पुन्हा एका तुकड्यावर आलं. मी २०१५ला तिथे ट्राममध्ये बसलो होतो. शेजारून चालणारा माणूस आमच्या पुढे गेला, वळून बघून हसला पण.

जुनेपुराणे
त्याच संथपणाने ती गेली. मोटारी वाढल्या, ट्राम रस्त्याच्या मधोमध, उतरणारा माणूस थेट गाड्यांच्या लोंढ्यात. पुढे एखादी बैलगाडी रुळावर अडली की मागे पाच ट्राम उभ्या. बस बाजूने निघून जाते, ट्रामला बाजूच नसते. मद्रासमध्ये १८९५ला देशातली पहिली विजेची ट्राम आली, तिचा वीजप्रवाह सुरुवातीला रस्त्याखालच्या खाचेतून होता. समुद्रकाठचं शहर आणि पावसाळा! नंतर तारा वर घ्याव्या लागल्या. १९५३ला तीही बंद. दिल्लीची १९६३ला.

मुंबईने मधला मार्गही करून पाहिला. १९६२ला गवालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस आणली. वर ट्रामसारख्या तारा, खाली बससारखी रबरी चाकं. १९७१ला तीही बंद.

नाशिकचा_चिवडा
म्हणजे ट्रामची तार आणि बसचा टायर, दोघांचे दोष एकत्र :)

धाराशिवकर
एवढी मुंबई-कलकत्ता झाली, पण मार्ग बदलण्याची खरी गोष्ट आमच्या दारात घडली ती कुणी सांगेना. छोटी गाडी येडशी, ढोकी, मुरुड करत लातूरला जायची. जिल्ह्याचं ठिकाण उस्मानाबाद, पण गाडी गावाला शिवायचीच नाही. आम्ही येडशीला जाऊन गाडी धरायची. बाहेरगावी शिकताना पोरं विचारायची, "तुझ्या जिल्ह्याला स्टेशन नाही?" मी सांगायचो, आहे, फक्त ते जिल्ह्याच्या गावात नाही.

मोठी लाइन करताना मार्ग वळवला आणि २००७-०८ला गाडी आमच्या गावात आली. कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत पाहणाऱ्याला नकाशावर ते वळण स्पष्ट दिसतं. पहिल्या दिवशी अर्धं गाव नुसतं गाडी बघायला गेलं होतं, त्यात मीही. तिकीट काढलं नव्हतं.

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लाइनचं काम चाललंय. आई भवानीच्या दारात रेल्वे आली की बोलू.

लातुरी_बाज
वळणामुळं आमचा वेळ वाढला त्याचं काय? :)

धाराशिवकर
मुंबईला जायला लातूरकरांना रात्र पडलेली असते, झोपा की मालक.

कुर्डुवाडी_जंक्शन
भांडू नका. छोट्या गाडीत वेळेचं गणितच नव्हतं. चढावर पोरं उतरून बाजूच्या रानातली बोरं तोडून पुन्हा चढायची, हे मी स्वतः केलंय. बार्शीच्या भगवंताच्या दर्शनाला निघालेली म्हातारी रुळाशेजारी हात करायची, ओळखीचा ड्रायव्हर असला की वेग कमी व्हायचा. नियमात बसत नव्हतं, पण व्हायचं.

शिवडीची_सून
अगदी ट्राम! सासूबाई सांगायच्या, चालत्या ट्राममधून उतरायला ज्याला येत नाही तो मुंबईकर नाही. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर हँडल काढून हातात घ्यायचा आणि चालत दुसऱ्या टोकाला जायचा. ट्राम वळवायचीच नसते, ड्रायव्हरच फिरतो. सासऱ्यांना निवृत्तीनंतर घरात येरझाऱ्या घालताना बघून त्या म्हणायच्या, "बसा आता, टर्मिनस आलं."

मीटरगेज
एक राहिलं. @मांजराकाठ, वहीवर साल आहे का? दादर-पायधुणी रोजची ट्राम म्हणजे १९६४च्या आतलं हे नक्की, पण कधीचं?

मांजराकाठ
इंग्रजी साल नाही. पानाच्या वर 'शके १८६९, कार्तिक' असं दिसतंय. ६ की ९ यावर बाबांचा आणि माझा वाद झाला, पण भिंगातून ६ आणि ९ दोन्ही वेगळे दिसतात.

गोदातीर
शके अधिक ७८. कार्तिक म्हणजे नोव्हेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झालेले, आणि लातूर अजून निजामाच्या राज्यात. मांजराकाठ, जरा सावकाश घ्या, पण त्या हिवाळ्यात आपल्याकडून तरणीताठी पोरं बार्शी-सोलापूरकडे का जात होती हे तुम्हालाही माहीत आहे. रझाकारांचा जोर चढत होता. बार्शीच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्यांचे कॅम्प होते. बार्शीपर्यंतचा प्रवास तर त्याच पानावर आहे.

जुनेपुराणे
आणि योगायोग बघा, ७ ऑगस्ट १९४७ला बेस्ट मुंबई महापालिकेच्या ताब्यात आली. म्हणजे तुमच्या अण्णांचे आणे कंपनीला नाही, पालिकेला गेले.

चहाबाज
आता थट्टा करवत नाही. मांजराकाठ, घरात कुणी जुनं माणूस आहे का विचारायला?

मांजराकाठ
आत्या आहे, निलंग्याला, ८६ वर्षांची. उद्या जातो.

बीबी_का_पडोसी
थांबलोय. तोवर मकाई गेटवर कुणी बोलायचं असेल तर बोला.

मीटरगेज
नक्को.

मांजराकाठ
जाऊन आलो.

आत्याला वही दाखवली. तिने आधी पान हुंगलं. मग म्हणाली, "बाबांचा वास येतोय का बघत होते, नाही येत."

तिने सांगितलं ते असं. गावात रझाकारांची नावांची यादी फिरतीय अशी आवई उठली. अण्णांनी काही केलं होतं की नाही हे आत्यालाही माहीत नाही, फक्त एका दुकानात कागद पोचवायचे एवढं तिने ऐकलंय. पणजोबांनी त्यांना रातोरात छोट्या गाडीत बसवलं. घरात आणि गावात सांगितलं, बार्शीला मामाकडे गेलाय. मामाच्या ओळखीने अण्णा पुढे मुंबईला गेले, दादरला कुणाच्या तरी खोलीत राहिले, पायधुणीच्या एका कापडाच्या पेढीवर लिहायचं काम केलं. लग्न झालेलं होतं, आत्या तेव्हा आठ वर्षांची. मुंबईचं नाव तोंडातून निघालं तर पेढीवाल्याला आणि मामाला त्रास होईल, म्हणून आजीला फक्त ठाऊक होतं. पोलीस ॲक्शन झाली, सगळं निवळलं, पण 'अण्णा बार्शीला होते' हेच घरात कायम राहिलं. बाबांचा जन्म त्यानंतरचा. त्यांना तेच सांगितलं गेलं.

मी विचारलं, "मग लातूर-बार्शीच्या गाडीला ट्राम का लिहिलंय? तेव्हा तर त्यांनी ट्राम पाहिली पण नव्हती."

आत्या म्हणाली, "अरे, ते पान त्यांनी परत आल्यावर लिहिलंय. शाई बघ की वेगळी." खरंच वेगळी आहे, निळसर. बाकी पानं काळ्या शाईची. मी दहा वेळा वही चाळली होती.

आणि परत आल्यापासून ते छोट्या गाडीला घरात ट्रामच म्हणायचे. आजी त्यांच्याकडे बघायची आणि पदराने तोंड झाकून हसायची. आत्याला वाटायचं, बार्शीकडे गाडीला ट्राम म्हणत असतील.

शिवडीची_सून
आजींचं ते हसू वाचून डोळ्यांत पाणी आलं.

कुर्डुवाडी_जंक्शन
माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. कंपन्या-कायद्यातलं ट्रामवेचं सगळं खरं होतं, पण इथे त्याचा काही संबंध नव्हता.

मीटरगेज
बाबा काय म्हणाले?

मांजराकाठ
काही नाही. वही मागून घेतली आणि 'टी. टी. ते पा. धु.'ची पानं मोजत बसले. चौऱ्याहत्तर भरल्या ओळी. मग म्हणाले, डिसेंबरात मुंबईला जाऊ, दादरला उतरून पायधुणीपर्यंत बसने. कुठली बस जाते सांगा कुणीतरी.

लातुरी_बाज
आधी पानवाल्याला विचारा.

शिवडीची_सून
मी सांगते, मार्ग बदललेत बरेच. तारीख ठरली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टी. टी.ला मी येते घ्यायला.